एक्सबॉक्स ३६० विरुद्ध प्लेस्टेशन ३ : तोट्यातल्या लढाईचा हिशेब

'हेलो' या आपल्या सर्वांत नावाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती २०२६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ५ वरही येईल, अशी घोषणा मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली, तेव्हा व्हिडिओ गेमच्या दुनियेत खळबळ उडाली. ज्या खेळाच्या जिवावर या कंपनीने २००१ मध्ये या व्यवसायात पाय रोवला, तोच खेळ प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात नेऊन ठेवण्याची वेळ तिच्यावर आली होती. वीस वर्षांपूर्वी असे भाकीत कोणी केले असते तर ते वेड्यात काढले गेले असते. कारण त्या काळात या दोन कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करण्यासाठी अब्जावधी डॉलर अक्षरशः पाण्यात घालण्यास तयार होत्या आणि त्यांनी ते घातलेही. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या दोन यंत्रांमधील ती लढाई कोणी जिंकली, यावर खेळाडूंमध्ये अजूनही वाद होतात. तथापि त्या लढाईचा लाभ कोणाला झाला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि तो फारसा विचारला जात नाही.

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायच्या यंत्राचा, म्हणजे कन्सोलचा, व्यापार इतर विजेच्या उपकरणांसारखा चालत नाही. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि शाईच्या किमतीतून पैसे वसूल करायचे, त्यातलाच हा प्रकार. यंत्र तोट्यात किंवा जेमतेम उत्पादनखर्चात विकले जाते. पुढे त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे यंत्राच्या मालक कंपनीला ठरावीक वाटा मिळतो. साहजिकच, जितक्या अधिक घरांत यंत्र पोहोचेल तितके अधिक खेळ विकले जाणार आणि तितके अधिक खेळ-निर्माते त्या यंत्राकडे वळणार. म्हणून आरंभीच्या एक-दोन वर्षांत घराघरांत शिरण्यासाठी वाटेल तेवढा तोटा सोसण्याची तयारी ठेवावी लागते.

२००० मध्ये बाजारात आलेल्या प्लेस्टेशन २ ने सोनीला हे गणित पूर्णपणे साधून दिले होते. या यंत्राचे पुढे सुमारे १६ कोटी नग विकले गेले. मायक्रोसॉफ्टला भीती वाटली ती नेमकी याचीच. सोनीचे यंत्र दिवाणखान्यात ठाण मांडून बसले तर उद्या घरातल्या संगणकाचीच गरज उरणार नाही, या धास्तीतून पहिला एक्सबॉक्स जन्माला आला. त्याचे जेमतेम अडीच कोटी नग खपले आणि कंपनीचे हात चांगलेच पोळले. मात्र त्यातून एक धडा मिळाला. पहिल्या एक्सबॉक्सच्या चिप इंटेल व एनव्हिडिया यांच्या मालकीच्या असल्याने काळाबरोबर त्यांचा खर्च कमी करणे मायक्रोसॉफ्टच्या हाती नव्हते. दुसऱ्या वेळी कंपनीने चिपच्या आराखड्यांवर आपला हक्क राखला आणि मुख्य म्हणजे सोनीच्या आधी बाजारात उतरायचे ठरवले.

त्याप्रमाणे २२ नोव्हेंबर २००५ रोजी एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत विक्रीस आला. किंमत होती २९९ व ३९९ डॉलर. प्लेस्टेशन ३ येईपर्यंत तब्बल एक वर्ष मैदान मोकळे होते आणि २००६ संपेपर्यंत कंपनीने एक कोटी यंत्रांचा टप्पा ओलांडला होता. घाईची किंमत काय असते, हे मात्र अजून कळायचे होते.

सोनीची चाल याच्या अगदी उलट होती. प्लेस्टेशनचे जनक केन कुतारागी यांना केवळ खेळाचे यंत्र बनवायचेच नव्हते. त्यांना घरातला महासंगणक बनवायचा होता. त्यासाठी सोनी, तोशिबा व आयबीएम यांनी २००१ मध्ये हातमिळवणी करून 'सेल' नावाचा प्रोसेसर विकसित करण्यास घेतला. एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली राबणारे आठ छोटे गाभे, अशी त्याची रचना. कारखान्यातून निघणाऱ्या चिप मोठ्या संख्येने बाद होऊ नयेत म्हणून त्यांतला एक गाभा बंद ठेवला जाई, दुसरा यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी राखीव असे आणि उरलेले सहा खेळासाठी मिळत. कागदावर या यंत्राची ताकद थक्क करणारी होती. गंमत अशी, की या प्रकल्पाचे काम चालू असतानाच मायक्रोसॉफ्टही आयबीएमच्याच दारात गेली. सेलसाठी तयार होत असलेल्या मुख्य गाभ्याचीच सुधारित आवृत्ती वापरून आयबीएमने एक्सबॉक्ससाठी तीन गाभ्यांचा प्रोसेसर बनवून दिला. त्या कामातील अभियंता डेव्हिड शिपी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ही हकिकत सांगितली आहे. दोन्ही प्रोसेसरांचा वेग सारखाच, ३.२ गिगाहर्ट्झ. एकाच कुंभाराने दोन भांडणाऱ्या शेजाऱ्यांना एकाच मातीची मडकी विकावीत, तसा हा प्रकार होता.

मग फरक कुठे पडला? तो पडला स्मृतीच्या म्हणजे मेमरीच्या मांडणीत. दोन्ही यंत्रांत एकूण मेमरी ५१२ मेगाबाइट. पण एक्सबॉक्समध्ये ती सामाईक कोठारासारखी होती. चित्रांना जास्त लागली तर चित्रांनी घ्यावी, इतर कामांना लागली तर त्यांनी घ्यावी. प्लेस्टेशन ३ मध्ये मात्र वाटण्या झालेल्या घराप्रमाणे २५६-२५६ असे दोन हिस्से केलेले. एका हिश्शात धान्य ओसंडून वाहत असले तरी दुसऱ्याची चूल थंड राहू शके. त्यात सेलचे छोटे गाभे आपल्यापुरत्या छोट्या मेमरीवरच काम करत. त्यांना माहिती तुकड्या-तुकड्याने हाताने भरवावी लागे. दोन्ही यंत्रांसाठी एकाच वेळी खेळ बनवणारे स्टुडिओ साहजिकच सोप्या यंत्रावर आधी काम करत आणि अवघड यंत्रावर ते कसेबसे बसवत. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या 'स्कायरिम' या खेळात प्लेस्टेशन ३ वर जसजसा खेळ पुढे जाई तसतसे चित्र अडखळू लागे आणि खेळाडूंच्या संतापाला पारावार राहिला नाही. 'व्हॉल्व्ह' कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी तर २००७ मध्येच हे यंत्र म्हणजे सर्वांच्या वेळेचा अपव्यय असल्याची टीका केली होती. तीन वर्षांनी तेच न्यूवेल सोनीच्या व्यासपीठावर आपला नवा खेळ जाहीर करण्यासाठी उभे राहिले, ही गोष्ट वेगळी.

प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये जपान व अमेरिकेत आला तो ४९९ व ५९९ डॉलर या किमतींना. यंत्र घेण्यासाठी आपण अधिक तास काम करू, असे ग्राहकाला वाटले पाहिजे, अशा आशयाचे उद्गार कुतारागी यांनी आदल्या वर्षी काढले होते. एका यशस्वी माणसाचा हा अहंकार सोनीला फार महागात पडला. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या 'आयसप्लाय' या संस्थेने यंत्र उघडून केलेल्या अंदाजानुसार ५९९ डॉलरच्या प्लेस्टेशनचा उत्पादनखर्चच सुमारे ८४० डॉलर होता. त्याच सुमारास ३९९ डॉलरच्या एक्सबॉक्सचा खर्च ३२३ डॉलरवर उतरला होता. म्हणजे एक कंपनी प्रत्येक यंत्रामागे दोनशेहून अधिक डॉलर गमावत होती, तर दुसरी यंत्राच्या किमतीतच खर्च भागवू लागली होती. मार्च २००७ अखेरच्या आर्थिक वर्षात सोनीच्या खेळ विभागाला २३२ अब्ज येनचा तोटा झाला. त्याच वर्षी कुतारागी कंपनीच्या सूत्रांपासून दूर झाले.

खर्चाचे मोठे कारण होते ब्लू-रे. निळ्या लेसरच्या टंचाईमुळे युरोपातील ग्राहकांना तर मार्च २००७ पर्यंत थांबावे लागले. पण सोनीच्या बाजूने एक मुद्दा मान्य करावाच लागेल. मायक्रोसॉफ्टच्या ३९९ डॉलरच्या यंत्रात बिनतारी इंटरनेटची सोय नव्हती. त्यासाठीचे वेगळे उपकरण शंभर डॉलरला मिळे. उच्च दर्जाचे चित्रपट पाहायचे तर एचडी डीव्हीडीचा जोडसंच आणखी दोनशे डॉलरचा. इंटरनेटवरून मित्रांशी खेळायचे तर वर्षाला सुमारे पन्नास डॉलर वर्गणी. या सगळ्याची बेरीज केली तर स्वस्त म्हटला जाणारा एक्सबॉक्स सातशे डॉलरच्या घरात जाई. प्लेस्टेशनच्या ५९९ डॉलरच्या खोक्यात हे सर्व अंगभूत होते आणि ऑनलाइन खेळ मोफत. हिशेब बरोबर होता, पण दुकानात उभा असलेला ग्राहक असा हिशेब करत नाही. त्याला समोरची पाटी दिसते.

घाईची किंमत मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये मोजावी लागली. एक्सबॉक्सच्या बटणाभोवतीच्या चार दिव्यांपैकी तीन लाल होत आणि यंत्र कायमचे बंद पडे. 'लाल कडे' या नावाने ही व्याधी कुप्रसिद्ध झाली. यंत्र चालू-बंद करताना चिप तापते आणि निवते, त्या ताणाने आतील सूक्ष्म जोड तुटत असत, असा उलगडा कंपनीच्या लोकांनी २०२१ मध्ये एक्सबॉक्सवरील माहितीपटात केला. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठीची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्जाहून अधिक डॉलर बाजूला काढले. सुरुवातीची प्लेस्टेशन यंत्रेही पिवळा दिवा दाखवून मान टाकत, पण त्यांचे प्रमाण एवढे बोलबाला होण्याइतके नव्हते. मायक्रोसॉफ्टने एवढा भुर्दंड सोसला, तो केवळ सौजन्यापोटी नव्हे. शेजारच्याच फळीवर सोनीचे यंत्र ठेवलेले होते आणि चिडलेला ग्राहक तिकडे वळायला वेळ लागणार नव्हता.

या लढाईचा खरा लाभ दिसतो तो इथे. ५९९ डॉलरला आलेला प्लेस्टेशन ३ सप्टेंबर २००९ मध्ये सडपातळ रूपात २९९ डॉलरला मिळू लागला. एक्सबॉक्सचे सर्वांत साधे यंत्र सप्टेंबर २००८ मध्येच १९९ डॉलरवर आले होते. तीन वर्षांत किंमत निम्मी होणे ही कंपन्यांची दानत नव्हती. दर दिवाळीसारखा येणारा नाताळचा हंगाम प्रतिस्पर्ध्याच्या घशात जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ होता. अर्थात सोनीने किंमत उतरवताना यंत्रातून काही गोष्टी काढूनही घेतल्या. जुने प्लेस्टेशन २ चे खेळ चालवण्याची सोय हळूहळू नाहीशी झाली. यंत्रावर लिनक्स चालवण्याची मुभा एप्रिल २०१० मध्ये एका सुधारणेद्वारे काढून घेण्यात आली. तीही ज्यांनी यंत्र आधीच पूर्ण किंमत देऊन घेतले होते त्यांच्याकडून! त्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी सोनीला न्यायालयात खेचले आणि कंपनीला अखेर तडजोड करावी लागली.

भारतात या लढाईचे रूप वेगळे होते. एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये अक्षयकुमार आणि युवराजसिंग यांच्या जाहिरातींसह येथे आला. साध्या यंत्राची किंमत १९,९९० रुपये. प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात चाळीस हजारांत चांगला संगणक येत असे आणि मुलाच्या अभ्यासाचे निमित्त सांगून तो घेताही येत असे. त्यामुळे येथे बराच काळ चालला तो जुना प्लेस्टेशन २च. २००९ मध्ये सोनीने भारतात तयार झालेला 'हनुमान' हा पहिला खेळ आणला, तोही प्लेस्टेशन २ साठी. शिवाय एक्सबॉक्सच्या डिस्क-ड्राइव्हमध्ये फेरफार करून नकली डिस्क चालवता येत, तर प्लेस्टेशन ३ चे कुलूप ऑगस्ट २०१० पर्यंत भक्कम होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत या एका फरकाला गिगाहर्ट्झपेक्षा अधिक वजन होते, हे वेगळे सांगायला नको.

लढाईच्या उत्तरार्धात सोनी सावरली. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीचा नाद सोडला आणि ब्लू-रे निर्विवाद विजयी झाली. जो खर्चिक भाग सोनीच्या गळ्यातला धोंडा वाटत होता, तोच भूषण ठरला. 'फायनल फँटसी १३' हा खेळ प्लेस्टेशनवर एका डिस्कमध्ये मावला. एक्सबॉक्सवर त्याला तीन डिस्क लागल्या. पण पूर्वी केवळ प्लेस्टेशनचा मानला जाणारा हा खेळ एक्सबॉक्सवरही आला, हाच खरे तर मायक्रोसॉफ्टचा विजय होता. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' एप्रिल २००८ मध्ये दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी आला. सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओंनी मात्र सेलची अवघड विद्या आत्मसात केली आणि 'अनचार्टेड २' व २०१३ चा 'द लास्ट ऑफ अस' असे खेळ दिले, की ज्यांच्यासाठी लोकांनी यंत्र विकत घ्यावे.

अखेरच्या आकड्यांत प्लेस्टेशन ३ चे सुमारे ८ कोटी ७४ लाख आणि एक्सबॉक्स ३६० चे ८ कोटी ४० लाखांहून अधिक नग विकले गेले. म्हणजे जवळपास बरोबरी. दोघांनाही मागे टाकले ते निन्तेन्दोच्या 'वी' या ताकदीने कितीतरी दुबळ्या यंत्राने. त्याने दहा कोटींचा आकडा पार केला. दोन पहिलवान एकमेकांना चीत करण्यात गुंतलेले असताना मानाची गदा तिसऱ्यानेच उचलून न्यावी, असा हा निकाल होता.

मायक्रोसॉफ्टने या काळात रुजवलेली एक गोष्ट मात्र यंत्रांपेक्षा दीर्घायुषी ठरली. ती म्हणजे वर्गणी. आपल्याच घरातल्या इंटरनेटवरून, आपणच विकत घेतलेला खेळ मित्राशी खेळण्यासाठी कंपनीला दरवर्षी पैसे द्यायचे, ही कल्पना सुरुवातीला अनेकांना रुचली नाही. पण ती रुळली. सोनीने सात वर्षे ही सेवा मोफत ठेवली. तिचीही एक काळी बाजू आहे. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या जाळ्यात घुसखोरी होऊन ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आल्यावर सोनीनेही ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणी सक्तीची केली. या मुद्द्यावर दोघांत स्पर्धाच उरली नाही. ग्राहकाला त्या दिवसापासून निवडीला वाव राहिला नाही.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने घोडचूक केली. एक्सबॉक्स वन दर चोवीस तासांनी इंटरनेटला जोडावा लागेल आणि जुने खेळ दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधने येतील, असे जाहीर झाले. किंमतही प्लेस्टेशन ४ पेक्षा शंभर डॉलर अधिक. चहूबाजूंनी टीकेची झोड उठताच काही दिवसांत कंपनीने हे नियम मागे घेतले, पण व्हायचे ते नुकसान झाले होते. त्या पिढीत सोनीने दुपटीहून अधिक यंत्रे विकल्याची कबुली मायक्रोसॉफ्टने पुढे ब्राझीलच्या नियामकांपुढे दिली. ती पिढी गमावणे सर्वांत वाईट होते, असे एक्सबॉक्सचे तत्कालीन प्रमुख फिल स्पेन्सर यांनी २०२३ मध्ये सांगितले, कारण त्याच काळात लोकांनी खेळांचे आपले डिजिटल संग्रह उभे केले. डिस्क कपाटात असते, ती कोणालाही देता येते. डिजिटल संग्रह मात्र कंपनीच्या दाराशी बांधलेला असतो. पाच-पन्नास खेळ एका दुकानात घेऊन ठेवलेला माणूस यंत्र बदलताना दुसऱ्या कंपनीकडे जात नाही.

एक्सबॉक्स ३६० चे ऑनलाइन दुकान मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०२४ रोजी बंद केले. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय ठेवली असली, तरी त्यावर नवा खेळ विकत घेण्याचा मार्ग संपला. प्लेस्टेशन ३ चे दुकानही सोनी २०२१ मध्ये बंद करणार होती. ग्राहकांच्या आरडाओरड्यानंतर काही आठवड्यांत तिने तो निर्णय फिरवला.

मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने तब्बल ६८.७ अब्ज डॉलर मोजून 'अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड' ही कंपनी घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. एवढी गुंतवणूक केवळ आपल्याच घटत्या यंत्रांवर वसूल होणार नाही, हे उघड होते. २०२४ पासून कंपनीने आपले खेळ एकामागून एक प्लेस्टेशनवर नेण्यास प्रारंभ केला आणि 'हेलो'ची घोषणा त्याच साखळीतली पुढची कडी होती. खेळाडूंच्या दृष्टीने यात वाईट काही नाही. एका यंत्रावर दोन्हीकडचे खेळ मिळणे ही सोयच म्हणायची. पण यंत्राच्या किमतीचे काय?

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ही दोन्ही यंत्रे अमेरिकेत ४९९ डॉलरला आली. जुन्या रिवाजाप्रमाणे पाच वर्षांनी ती तीनशे डॉलरच्या आसपास असायला हवी होती. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ ची किंमत ५४९ डॉलर झाली, तर एक्सबॉक्स मे आणि ऑक्टोबर अशा दोन वाढींनंतर ६४९ डॉलरवर गेला. त्याच ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्वांत वरच्या वर्गणीचा मासिक दर २० डॉलरवरून ३० डॉलरवर नेला. याचे सगळे खापर स्पर्धा ओसरल्यावर फोडणे न्याय्य ठरणार नाही. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी चिप आकाराने लहान आणि स्वस्त होत असे, ती सोय आता राहिलेली नाही. त्यात महागाई आणि अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्काची भर पडली. तरीही २००७ मध्ये सोनीच्या चिपही महागच होत्या आणि प्रत्येक यंत्रामागे दोनशे डॉलरचा खड्डा पडत होता. तेव्हा तिने जुलैमध्ये शंभर डॉलर कमी केले आणि वर्ष संपण्याआत ३९९ डॉलरचे आणखी एक यंत्र बाजारात आणले, कारण शेजारच्या फळीवर एक्सबॉक्स ३६० उभा होता.